नवऱ्याने मारलं, मुलं नेली, कमाईवरही हक्क सांगितला. मग या बाईने इंग्लंडला कायदेच बदलायला लावले

२२ जून १८३६. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधल्या कोर्टात तुफान गर्दी झाली होती. कारणही तसंच होतं. दावा थेट इंग्लंडच्या पंतप्रधानावर होता.

पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी आपल्या बायकोशी अनैतिक संबंध ठेवले, असं जॉर्ज नॉर्टन नावाच्या माणसाचं म्हणणं होतं. नुकसानभरपाई म्हणून त्याला १० हजार पौंड हवे होते. त्या काळी इंग्लंडमध्ये असा दावा रीतसर करता यायचा. बायको नवऱ्याच्या मालकीची, तिच्याशी दुसऱ्याने संबंध ठेवले तर मालकाचं नुकसान झालं, असा सगळा हिशेब होता.

जॉर्जचे साक्षीदार म्हणजे बहुतेक कामावरून काढलेले नोकरचाकर. त्यांच्या साक्षी इतक्या पोकळ होत्या की ज्यूरीने जागेवरून न उठताच मेलबर्न यांच्या बाजूने निकाल दिला. पंतप्रधानांची खुर्ची वाचली. त्या दिवशी कोर्टात बातमीदार म्हणून चार्ल्स डिकन्स नावाचा २४ वर्षांचा तरुण बसला होता. पुढे पिकविक पेपर्समध्ये त्याने जो कोर्टाचा तमाशा रंगवला, त्याला बराचसा मसाला इथूनच मिळाला असं सांगितलं जातं.

पण जिच्या चारित्र्याची दिवसभर चिरफाड झाली, ती बाई या खटल्यात कुठेच नव्हती. दावा दोन पुरुषांमधला. तिला साक्ष देता येत नव्हती, स्वतःचा वकील उभा करता येत नव्हता.

तिचं नाव कॅरोलाईन नॉर्टन.

कॅरोलाईनचा जन्म १८०८ चा. तिचे आजोबा रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन म्हणजे त्या काळातले गाजलेले नाटककार आणि खासदार. घराणं मोठं, पण पैसा नाही. वडील नोकरीसाठी दक्षिण आफ्रिकेत गेले आणि १८१७ मध्ये क्षयाने तिथेच वारले. आईने मुलांना घेऊन राजाच्या मेहेरबानीने मिळालेल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या खोल्यांमध्ये दिवस काढले. हेलन, कॅरोलाईन आणि जॉर्जियाना या तिघी बहिणी दिसायला देखण्या आणि बोलायला हुशार म्हणून लंडनभर प्रसिद्ध होत्या. हुंडा द्यायला मात्र काही नव्हतं. मग जे स्थळ आलं ते पदरात पाडून घ्यायचं, हे आपल्याकडेही काही वेगळं नाही.

१८२७ मध्ये १९ वर्षांच्या कॅरोलाईनचं जॉर्ज नॉर्टनशी लग्न लागलं. जॉर्ज वकील, खासदार आणि एका लॉर्डचा धाकटा भाऊ. कागदावर स्थळ चांगलंच होतं.

लग्नाला दोन महिने झाले असतील नसतील. जॉर्जने काहीतरी मत मांडलं, कॅरोलाईनने ते मूर्खपणाचं आहे असं तोंडावर सांगितलं. त्याने तिच्या कुशीत जोरात लाथ घातली. ती रात्र तिने भीतीने दुसऱ्या खोलीत बसून काढली. काही महिन्यांनी जाडजूड कायद्याची पुस्तकं तिच्या डोक्याच्या दिशेने भिरकावली गेली. मग एकदा त्याने उकळत्या चहाची किटली उचलली आणि शांतपणे तिच्या हातावर ठेवली. हे सगळं तिने पुढे स्वतःच लिहून छापलं. १८५० च्या दशकात प्रतिष्ठित घरातल्या बाईने असं काही छापणं म्हणजे समाजाच्या दृष्टीने मारहाणीपेक्षा मोठा गुन्हा होता.

घर चालत होतं ते बऱ्यापैकी कॅरोलाईनच्या लेखणीवर. तिचा पहिला कवितासंग्रह १८२९ मध्ये आला आणि चांगला खपला. पुढे तिने कविता, कादंबऱ्या लिहिल्या, मासिकं संपादित केली. जॉर्जची खासदारकी गेली तेव्हा त्याने बायकोलाच ओळखी वापरून नोकरी मिळवून दे म्हणून सांगितलं. तिने तेव्हा गृहमंत्री असलेल्या मेलबर्नना पत्र घातलं. १८३१ मध्ये जॉर्ज वर्षाला हजार पौंड पगारावर लंडनमध्ये पोलीस कोर्टाचा मॅजिस्ट्रेट झाला. म्हणजे गोरगरिबांच्या वस्तीतल्या मारामाऱ्यांचे निवाडे करणारा साहेब घरी येऊन बायकोला मारत होता.

मेलबर्न यांचं नॉर्टनच्या घरी येणंजाणं वाढलं ते तेव्हापासून. जॉर्जला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. नोकरी टिकून होती ना.

कॅरोलाईनला तीन मुलगे झाले. फ्लेचर, ब्रिन्सली आणि विल्यम. १८३५ मध्ये ती पुन्हा गरोदर होती. जॉर्जने मारलं आणि गर्भ गेला. ती माहेरच्या लोकांकडे निघून गेली. मग तेच झालं जे हजारो घरांत होतं. नवऱ्याने माफी मागितली, गयावया केली, शपथा घेतल्या, आणि ती परत आली.

हे परत येणं तिला किती महागात पडणार आहे, याची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

१८३६ च्या वसंतात, ईस्टरच्या सुमारास, ती मुलांना घेऊन भावाकडे जायला निघणार होती. जॉर्जला बोलावणं नव्हतं. ती बाहेर गेलेली असताना त्याने मुलं उचलून दुसरीकडे पाठवून दिली आणि तिला घराचा दरवाजा बंद केला. पुढे मुलं थेट स्कॉटलंडला जॉर्जच्या बहिणीकडे गेली. जूनमध्ये पंतप्रधानांवरचा तो खटला झाला.

खटला जॉर्ज हरला. म्हणजे कॅरोलाईन निर्दोष ठरली. पण तिची खरी कोंडी इथूनच सुरू झाली.

बायको व्यभिचारी ठरली नाही म्हणून जॉर्जला घटस्फोट मिळणार नव्हता. कॅरोलाईनलाही मिळणार नव्हता. कारण तेव्हा इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोट हवा तर संसदेत खास कायदा करून घ्यावा लागायचा. खर्च अफाट. आणि १८५७ पर्यंतच्या सगळ्या इतिहासात असा घटस्फोट फक्त चार बायकांना मिळाला होता. मग छळाच्या कारणावरून निदान वेगळं राहण्याची परवानगी? ती धर्मपीठाची कोर्टं द्यायची. पण कॅरोलाईन मार खाऊन एकदा परत आली होती. परत आली याचा अर्थ तिने आधीचं सगळं माफ केलं, असं कायदा धरून चालायचा.

मुलांवर हक्क फक्त बापाचा. दूध पितं मूल असलं तरी बाप ते आईच्या कुशीतून काढून कुणाच्याही ताब्यात देऊ शकत होता. आईने कोर्टात जावं, तर तशी तरतूदच नव्हती.

घर नवऱ्याचं. घरातलं सामान, तिचे कपडे, माहेरचे दागिने नवऱ्याचे. तिने लिहिलेल्या पुस्तकांचे पैसेसुद्धा नवऱ्याचे. कारण लग्न झालं की नवरा-बायको कायद्याने एक व्यक्ती, आणि ती एक व्यक्ती म्हणजे नवरा.

कॅरोलाईनची गोष्ट आज महत्त्वाची वाटते ती यासाठी. लाथ, किटली, फेकलेली पुस्तकं हे दिसणारं होतं. पण ती त्या घरात नऊ वर्षं का राहिली, याचं उत्तर मुलं, छप्पर आणि पैसा या तीन गोष्टींत आहे. या तिन्हीच्या किल्ल्या कायद्याने नवऱ्याकडे दिल्या होत्या.

तिने आधी मुलांचा विषय हातात घेतला.

तिच्याकडे मतदानाचा हक्क नव्हता, पैसा नव्हता, चारित्र्यावर शिंतोडे उडालेले. हातात होती फक्त लेखणी. १८३७ पासून तिने आईच्या हक्कांवर पुस्तिका लिहायला सुरुवात केली. एक पुस्तिका तर तिने पुरुषाचं खोटं नाव घेऊन छापली, म्हणजे खासदार निदान वाचतील तरी. टॅलफोर्ड नावाचे वकील-खासदार तिच्या मदतीला आले आणि त्यांनी संसदेत विधेयक मांडलं. १८३८ मध्ये ते लॉर्ड्सच्या सभागृहात आपटलं. पुढच्या वर्षी पुन्हा आणलं आणि १८३९ मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आणि मोठ्या मुलांची भेट, यासाठी आईला कोर्टात अर्ज करता येऊ लागला. अट एकच, तिच्यावर व्यभिचार सिद्ध झालेला नसावा.

इंग्लंडच्या कायद्यात आईला मुलांबाबत स्वतःचा हक्क मिळण्याची ही सुरुवात मानली जाते. आणि जिने तो मिळवला तिला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. तिची मुलं स्कॉटलंडमध्ये होती आणि हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता.

सप्टेंबर १८४२ मध्ये धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. जखम साधी होती, पण वेळेवर काळजी घेतली गेली नाही आणि विष अंगात भिनलं. कॅरोलाईनला निरोप गेला. ती पोहोचली तेव्हा मुलगा गेलेला होता. जेमतेम नऊ वर्षांचा. त्यानंतर जॉर्ज थोडा नरमला आणि उरलेल्या दोघांना आईकडे राहू देऊ लागला.

आता राहिला पैसा.

१८४८ मध्ये जॉर्जला एका ट्रस्टमधल्या पैशांसाठी कॅरोलाईनची सही हवी होती. बदल्यात त्याने तिला वर्षाला ५०० पौंड द्यायचं लेखी कबूल केलं. काही वर्षांनी तिच्या आईने मृत्युपत्रात तिच्यासाठी थोडी तजवीज केल्याचं कळलं, तेव्हा त्याने ५०० पौंड द्यायला नकार दिला. कॅरोलाईनने सरळ आपली देणी जॉर्जच्या नावावर टाकली. बायकोचं कर्ज नवऱ्याचं, हाही कायदाच होता ना. १८५३ मध्ये बग्गीवाल्याच्या बिलावरून प्रकरण कोर्टात गेलं.

जॉर्जचा बचाव असा होता की तो करार वैधच नाही. नवरा आणि बायको कायद्याने एकच असतील, तर माणूस स्वतःशीच करार कसा करेल? निकाल जॉर्जच्याच बाजूने लागला. शिवाय त्याने मेलबर्नचं जुनं प्रकरण पुन्हा उकरून काढलं आणि तिच्या प्रकाशकांकडून तिच्या कमाईचा हिशेब मागवला.

गंमत बघा, त्याच १८५३ साली संसदेने बायका-मुलांना गंभीर मारहाण करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास देण्याचा कायदा केला होता. पण नवरा तुरुंगात गेला की घरात खायचं काय, आणि सुटून आला की राहायचं कुठे, याबद्दल त्या कायद्यात काही नव्हतं. अनेक बायका ऐन वेळी साक्ष फिरवायच्या, त्याचं कारण हेच.

कॅरोलाईनने मग गप्प बसायचं सोडलं. १८५४ मध्ये तिने इंग्लंडच्या कायद्यांत बायकांचं स्थान काय यावर पुस्तक काढलं. १८५५ मध्ये थेट व्हिक्टोरिया राणीला उद्देशून खुलं पत्र छापलं. देशाच्या सिंहासनावर बाई, आणि त्या देशात लग्न झालेल्या बाईला कायद्याने अस्तित्वच नाही, हा विरोधाभास तिने उदाहरणं देऊन मांडला. रडगाणं न गाता एकेक कलम घेऊन. लाथ आणि किटली जगासमोर आली ती याच काळात.

१८५७ मध्ये घटस्फोटाचा नवा कायदा आला. घटस्फोट संसदेतून कोर्टात आला. नवऱ्याने टाकून दिलेली बाई मॅजिस्ट्रेटकडून संरक्षणाचा आदेश घेऊन आपली कमाई नवऱ्यापासून वाचवू शकत होती. कोर्टाने वेगळं राहायला परवानगी दिलेली बाई स्वतःच्या नावाने मालमत्ता ठेवू शकत होती, करार करू शकत होती, दावा लावू शकत होती. ही कलमं जवळपास कॅरोलाईनच्या तक्रारींचं उत्तर होती.

पण यात एक मेख होती. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की घटस्फोट. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणं, असं काहीतरी आणखी सिद्ध करावं लागायचं. नुसती मारहाण घटस्फोटाला पुरेशी नव्हती.

कॅरोलाईनला आज सरसकट स्त्रीवादी म्हटलं जातं, पण तिला ते आवडलं नसतं. पुरुष श्रेष्ठ आहेत असं ती स्वतः लिहायची. समानतेची मागणी तिला हास्यास्पद वाटायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की तुम्ही श्रेष्ठ आहात ना, मग दुबळ्याला संरक्षण द्या. याबद्दल तिच्या काळातल्या बायकांच्या चळवळीतही नाराजी होती. संसदेला तिचा युक्तिवाद पचला तो कदाचित याच कारणाने.

तिचं स्वतःचं लग्न काही सुटलं नाही. मोठा मुलगा फ्लेचर १८५९ मध्ये क्षयाने गेला. जॉर्ज मेला १८७५ मध्ये. म्हणजे जवळपास ४८ वर्षं ती कायद्याने त्याचीच बायको होती. मार्च १८७७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, तिने जुने मित्र सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याशी लग्न केलं. साडेतीन महिन्यांत ती गेली. पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, बायकोला गंभीर मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्या नवऱ्यापासून वेगळं राहण्याचा आदेश आणि पोटगी मॅजिस्ट्रेटच देऊ शकेल, असा कायदा झाला. त्यामागे फ्रान्सेस पॉवर कॉब या दुसऱ्या लेखिकेची मोहीम होती.

या सगळ्याचा भारताशी काय संबंध?

बराच. १८५७ चा तो इंग्रजी कायदा समोर ठेवून इंग्रजांनी १८६९ मध्ये भारतातल्या ख्रिश्चनांसाठी घटस्फोटाचा कायदा केला. टाकून दिलेल्या बायकोला कमाईसाठी संरक्षणाचा आदेश त्यात आला, आणि ती मेखही जशीच्या तशी आली. इंग्लंडने आपला कायदा १९२३ मध्ये सुधारला. भारतातल्या ख्रिश्चन बायकांना मात्र नुसत्या छळावरून घटस्फोट मिळत नव्हता. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही अट घटनाबाह्य ठरवली. संसदेने कायदा बदलला २००१ मध्ये.

बायको नवऱ्याची मालमत्ता ही कल्पना आपल्या दंडसंहितेच्या ४९७ व्या कलमातही होती. परपुरुषाविरुद्ध तक्रार नवऱ्याची, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २०१८ मध्ये रद्द केलं.

आणखी एक धागा आहे. कॅरोलाईनची बहीण हेलन हिचा मुलगा म्हणजे लॉर्ड डफरिन. ते १८८४ ते १८८८ भारताचे व्हाइसरॉय होते. नेमक्या याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला चालू होता. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला रखमाबाईंनी नकार दिला, आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने त्यांना सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. हा नांदायला भाग पाडण्याचा दावा मूळचा इंग्रजी धर्मपीठांचा. नांदायला नकार दिल्याबद्दल तुरुंगात टाकणं इंग्लंडने १८८४ मध्येच बंद केलं होतं. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, पुढे प्रकरण पैसे देऊन मिटलं आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. नांदायला बोलावण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे.

कॅरोलाईनला ज्या तीन गोष्टींसाठी तीन वेगवेगळ्या लढाया कराव्या लागल्या, त्या भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायद्यात एकाच अर्जात मागता येतात. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला परस्पर बाहेर काढता येत नाही, राहण्याचा आदेश मिळतो. मुलांचा तात्पुरता ताबा मिळतो. खर्चाला पैसे मिळतात, आणि पैसे अडवून धरणं, कमाई काढून घेणं हीसुद्धा हिंसाच धरली आहे. शिवीगाळ, धमक्या, अपमान यांचाही त्यात समावेश आहे. यासाठी घटस्फोट मागायची गरज नाही. एकदा परत नांदायला गेली होती, एवढ्यावरून अर्जाचा हक्क जात नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडीदार, आई, बहीण याही अर्ज करू शकतात.

अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करायचा असतो. तो स्वतः, वकिलामार्फत किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात कोर्टात त्याहून बराच वेळ जातो, म्हणून अर्जासोबतच तातडीचा अंतरिम आदेश मागायला विसरू नये. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. मारहाण चालू असेल तर ११२, आणि सल्ला, आसरा किंवा पुढची वाट हवी असेल तर महिला हेल्पलाइन १८१.